अंतराळ स्थानकात मानेतल्या शिरेत गुठळी: एका उपचाराची हकिकत

पार्श्वभूमी

उभ्या माणसाच्या अंगातलं रक्त खाली, पायांकडे ओढलं जातं. ते परत वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू, शिरांमधल्या झडपा आणि हृदय यांना राबावं लागतं. डोक्यातून खाली येणाऱ्या रक्ताला मात्र असे कष्ट नसतात, ते आपल्याच वजनाने उतरतं. त्यामुळे आपण उभे असतो तेव्हा मानेतली मोठी शीर, म्हणजे इंटर्नल जुगुलर व्हेन, जवळजवळ मिटलेली असते. आडवं झालं की ती भरते, फुगते. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना तिची ही उघडमीट आयुष्यभर चालू असते आणि आपल्या ती गावीही नसते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं आपण सहज म्हणून जातो, पण ते खरं नाही. एवढ्या उंचीवरही ते पृथ्वीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच सतत पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. शरीराला मात्र या कारणमीमांसेशी देणंघेणं नसतं. पायांकडे ओढ नाही म्हटल्यावर साधारण दोन लिटर द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो. पहिल्या काही दिवसांत चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. मानेतल्या शिरा फुगतात आणि फुगलेल्याच राहतात. तिथे झोपणं आणि उभं राहणं यात शरीराच्या दृष्टीने काही फरकच नसल्यामुळे त्यांना मिटायची वेळच येत नाही.

शिरा फुगतात हे जुनं ज्ञान आहे. त्या फुगलेल्या शिरेतलं रक्त वाहतं कसं, हे पाहायला मात्र बराच काळ कोणी गेलं नव्हतं. स्थानकावर दीर्घ मुक्काम केलेल्या ११ अंतराळवीरांच्या मानेची सोनोग्राफी करून हे तपासणारा एक अभ्यास नोव्हेंबर २०१९ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उड्डाणाच्या साधारण पन्नासाव्या दिवशी ११ पैकी ६ जणांच्या डाव्या जुगुलर शिरेत रक्त एकतर जवळपास थांबलेलं होतं किंवा उलट्या दिशेने जात होतं. पावसाळा सरल्यावर ओढ्याच्या वळणावर पाणी साचून राहतं, तशी ही अवस्था.

रक्त साचलं की गुठळीची भीती आलीच. एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन वैद्याच्या नावाने वैद्यकाचे विद्यार्थी तीन कारणं पाठ करतात: प्रवाह मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढणं. त्यातलं पहिलं कारण अंतराळात आपोआप हजर असतं.

ज्या एका अंतराळवीराचं हे प्रकरण आहे त्यांची ओळख गुप्त ठेवलेली आहे. स्त्री की पुरुष, कोणत्या देशाचे, कोणत्या वर्षीच्या मोहिमेवर होते, यातलं काहीच प्रसिद्ध अहवालात नाही. स्थानकावर एका वेळी मोजकीच माणसं असतात. एखादाही तपशील दिला असता तर नाव शोधायला पाच मिनिटंही लागली नसती. जानेवारी २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे प्रकरण मांडलं गेलं. लेखकांत पहिलं नाव सेरेना औन्योन-चॅन्सलर यांचं आहे. त्या स्वतः डॉक्टर आहेत आणि २०१८ मध्ये स्थानकावर राहूनही आल्या आहेत.

गुठळी सापडली ती योगायोगाने

मुक्कामाला दोन महिने होत आले होते. रक्तवाहिन्यांच्या संशोधनाचा, म्हणजे ११ जणांच्या त्याच अभ्यासाचा, भाग म्हणून या अंतराळवीरांच्या मानेची ठरलेली सोनोग्राफी झाली. तिच्यात डाव्या इंटर्नल जुगुलर शिरेत काहीतरी अडकल्यासारखं दिसलं. प्रवाह बंद होता.

त्रास काहीच नव्हता. डोकेदुखी नाही, चेहरा लालबुंद झालेला नाही. पूर्वी कधी गुठळी झालेली नव्हती आणि घराण्यातही तसा इतिहास नव्हता. संशोधनाची ती तपासणी त्या आठवड्यात झाली नसती तर हे कोणालाच कळलं नसतं, आणि या प्रकरणाबद्दल बोलताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुजलेला चेहरा, जड डोकं, चोंदलेलं नाक ही तिथे सगळ्यांचीच रोजची रड असते. त्यातून मानेतली एक शीर बंद पडल्याचं लक्षण वेगळं काढायचं तरी कसं?

निर्णयाचा पहिला टप्पा इथेच आला. दिसलं त्यावर लगेच विश्वास ठेवायचा का? ती सोनोग्राफी निदानासाठी नव्हे, संशोधनासाठी होती. शिवाय अंतराळातली फुगलेली शीर पडद्यावर नेमकी कशी दिसायला हवी याचे ठोकताळे कोणाकडेही नव्हते. पृथ्वीवरच्या रेडिओलॉजिस्टने आयुष्यभर पाहिलेल्या शिरा या पृथ्वीवरच्या माणसांच्या असतात. साचलेलं, सुस्त रक्तसुद्धा पडद्यावर धुरासारखं दिसतं आणि बघणाऱ्याला फसवू शकतं.

म्हणून सोनोग्राफी पुन्हा करायची ठरलं, या वेळी निदानासाठी. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत कातडीवर फिरवायचं उपकरण, अंतराळवीराच्याच हातात होता. पडद्यावरची प्रतिमा खाली पृथ्वीवर दिसत होती आणि खालून तज्ज्ञ प्रोब कुठे सरकवायचा, किती दाबायचा हे त्याच क्षणी सांगत होते. साधी शीर प्रोबने दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही. दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रतिमा वाचल्या. दोघांचंही मत एकच पडलं: गुठळी आहे, आणि ती अगदी ताजी नाही, काही दिवसांची जुनी आहे.

अडचण नेमकी काय होती

हीच गुठळी पुण्या-मुंबईच्या एखाद्या रुग्णालयात सापडली असती तर पुढचा रस्ता ठरलेला होता. रक्त गोठू न देणारं औषध किमान तीन महिने, मधूनमधून सोनोग्राफी, कारण शोधायला रक्ताच्या काही तपासण्या. अवघड असं त्यात फारसं काही नाही.

मानेतली गुठळी पायातल्या गुठळीपेक्षा कमी आढळते, पण निरुपद्रवी नसते. तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. गुठळी वर वाढत गेली तर मेंदूतलं रक्त वाहून नेणाऱ्या शिरांपर्यंत पोचू शकते. पृथ्वीवर अशी गुठळी झालेल्या रुग्णांत बहुतेकदा मानेत घातलेली नळी, कर्करोग किंवा संसर्ग असं काहीतरी कारण सापडतं. इथे यातलं काहीच नव्हतं, आणि ज्या परिस्थितीने गुठळी झाली ती परिस्थिती बदलण्याजोगी नव्हती. 'पाय उशीवर ठेवा, थोडं चालत जा' असल्या सल्ल्याला तिथे अर्थ नसतो.

दुसरी अडचण औषधपेटीची. स्थानकावर रक्त गोठू न देणारं एक औषध होतं, एनॉक्सापॅरिन, म्हणजे पोटाच्या कातडीखाली टोचायचं हेपारिन जातीचं इंजेक्शन. प्रत्येकी ३०० मिलिग्रॅमच्या २० कुप्या होत्या. सिरिंजचा साठा मोजका होता. या औषधाचा उतारा मात्र स्थानकावर नव्हता. औषध सुरू असताना मोठा रक्तस्राव झालाच तर औषधाचा परिणाम मोडून काढायला हाताशी काही नाही, रक्तपेढी नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही. चमूतल्या ज्या सदस्याकडे वैद्यकीय जबाबदारी असते तो डॉक्टर असेलच असं नाही. त्या जबाबदारीचं प्रशिक्षण तासांत मोजण्याइतकंच असतं.

रक्तस्राव व्हायला कारणं कमी नसतात. तिथे माणसं तरंगत फिरतात, हॅचच्या कडांना, यंत्रांच्या कोपऱ्यांना डोकं आपटतं. हाडं आणि स्नायू टिकावेत म्हणून रोज दोन तासांहून अधिक व्यायाम करावा लागतो, त्यात भक्कम ताकदीचे व्यायाम असतात. तो बंद ठेवला तर नितंबाच्या हाडातलं खनिज दरमहा एक टक्क्याहून अधिक दराने घटू लागतं. म्हणजे गुठळीसाठी माणसाला जपून बसवायचं, तर हाडांचं नुकसान दुसऱ्या दाराने येणार.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करता लक्ष ठेवणं. हा वाटतो तितका वेडा नाही. त्रास नव्हता, गुठळी काही दिवसांची जुनी होती, दुसऱ्या बाजूची शीर डोक्यातलं रक्त वाहून नेत होती. पण दर आठवड्याला सोनोग्राफी करून गुठळी वाढते का ते पाहत बसायचं, आणि ती वाढली की तेव्हा सुरुवात करायची, यात वेळेचा जुगार होता. फुप्फुसात तुकडा गेला तर स्थानकावर पुढे करण्यासारखं काही उरलं नसतं.

दुसरा पर्याय, पृथ्वीवर परत आणणं. यालाही पूर्वज आहे. १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर वासुतिन सल्यूत ७ स्थानकावर आजारी पडले आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मोहीम अर्धवट सोडून चमूला परतावं लागलं. पण परतीच्या यानात एकटा रुग्ण बसत नाही. ज्या यानातून तो आला त्यातले सगळेच उतरतात आणि स्थानकावरची माणसं एकदम कमी होतात. शिवाय खुद्द प्रवासाचा धोका होताच. सोयुझ हे रशियन यान वातावरणात शिरताना माणसाला सर्वसाधारणपणे वजनाच्या चारेक पट दाब सोसावा लागतो, आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात ते टेकतं तेव्हा धक्का चांगलाच बसतो. अर्धवट चिकटलेली गुठळी घेऊन हा प्रवास करायचा, की औषध देऊन रक्त न गोठण्याच्या अवस्थेत करायचा? यातला कोणता धोका कमी, हे सांगणारा एकही अनुभव जगात नव्हता.

यात एक विरोधाभास दडलेला होता. शिरेतला प्रवाह पुन्हा सुरू व्हायला सर्वांत खात्रीचा उपाय होता तो गुरुत्वाकर्षण, आणि ते फक्त खाली उतरूनच मिळणार होतं.

तिसरा पर्याय, तिथेच ठेवून हाताशी आहे त्या औषधाने उपचार सुरू करायचे आणि पुढच्या मालवाहू यानाने गोळ्या पाठवायच्या. तोच निवडला गेला.

कोणत्या गोळ्या, हाही प्रश्न होता. वॉरफॅरिन हे जुनं, स्वस्त आणि आपल्याकडे हृदयाच्या झडपा बदललेल्या रुग्णांना परिचित औषध. पण त्यात दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून मात्रा जुळवावी लागते, पालेभाज्या कमीजास्त खाल्ल्या तरी फरक पडतो. ॲपिक्सॅबॅन या दुसऱ्या गोळीला यातलं काही लागत नाही. ठरलेली मात्रा दिवसातून दोनदा घ्यायची, बस्स. स्थानकासाठी दुसरी निवड शक्यच नव्हती असं मी म्हणेन.

काय केलं गेलं

नासाच्या डॉक्टरांनी बाहेरच्या एका तज्ज्ञाला सल्ल्यासाठी घेतलं, उत्तर कॅरोलायना विद्यापीठातले रक्ताच्या गुठळ्यांचे तज्ज्ञ स्टीफन मोल. रुग्णाला प्रत्यक्ष तपासायला स्थानकावर जाता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. इतक्या लवकर पाठवता येणार नाही, असं उत्तर मिळालं. नंतर एकदा अंतराळवीरांनी मोल यांच्या घरच्या फोनवरच फोन केला. पत्नीने तो उचलला आणि 'तुला अंतराळातून फोन आहे' म्हणत त्यांच्या हातात दिला. मोल यांनीच हा किस्सा नंतर सांगितला.

उपचार सुरू झाले एनॉक्सापॅरिनने, शरीराच्या दर किलो वजनामागे १.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. या औषधाची पूर्ण मात्रा द्यायच्या दोन रीती आहेत: दर किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा १.५ मिलिग्रॅम एकदाच. दुसऱ्या रीतीत औषधही कमी लागतं आणि सुयाही निम्म्या. सिरिंज मोजक्या असताना याचं महत्त्व सांगायला नको.

आता इंजेक्शन भरण्याची गोष्ट. ही थोडी सविस्तर सांगायलाच हवी, कारण सगळ्या प्रकरणात शरीर, औषध आणि भारहीनता यांची गाठ इथे सर्वांत उघडपणे पडते.

आपल्याकडे कोणतीही परिचारिका काय करते? कुपी उलटी धरते. औषध खाली, रबरी बुचाकडे जमतं, हवा वर जाते. सुई औषधात बुडते आणि दट्ट्या ओढला की औषध सिरिंजमध्ये येतं. चुकून बुडबुडा आलाच तर सिरिंज उभी धरून बोटाने दोन टिचक्या मारायच्या. बुडबुडा वर जातो आणि दट्ट्या किंचित दाबून तो बाहेर काढता येतो. हे सगळं इतकं हातवळणी पडलेलं असतं की यातली प्रत्येक पायरी गुरुत्वाकर्षणावर उभी आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

स्थानकावर कुपी उलटी धरा की सुलटी, फरक पडत नाही. औषध खाली जमत नाही, ते कुपीच्या भिंतींना चिकटून पसरतं किंवा मधोमध गोळा होऊन राहतं. हवा कुठे आणि द्रव कुठे, याचा भरवसा नाही. सुई घातली तर निम्मी हवाच येते. टिचक्या मारल्या तरी बुडबुडा वर जाणार नाही, कारण तिथे वर असं काही नसतंच. पृष्ठताणाच्या जोरावर सगळं ठरतं. पृथ्वीवर अर्ध्या मिनिटाचं असलेलं हे काम तिथे रोजची कसरत होऊन बसलं. मात्रा अचूक हवी, औषध वाया जाता कामा नये आणि सिरिंजही टाकून द्यायला परवडत नाही. प्रसिद्ध अहवालातही या दोन अडचणी, सिरिंजची टंचाई आणि द्रव ओढण्याचा त्रास, स्पष्टपणे नमूद केल्या आहेत.

तेहेतीस दिवसांनंतर दुसरा मोठा निर्णय आला. गोळ्या येईपर्यंत साठा पुरवायचा होता. मात्रा १.५ वरून दर किलोला १ मिलिग्रॅमवर आणली, तीही दिवसातून एकदाच. पृथ्वीवरच्या हिशोबाने ही पूर्ण उपचारांची मात्रा नव्हे. पण क्रम बरोबर होता असं मला वाटतं. गुठळी वाढण्याचा आणि तुकडा सुटण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, तो काळ पूर्ण मात्रेत काढला आणि काटकसर नंतर केली. पहिल्या दिवसापासूनच सगळं जपून वापरायचं ठरवलं असतं, तर धोक्याच्या दिवसांतच औषध अपुरं पडलं असतं.

निदानानंतर ४२ दिवसांनी मालवाहू यानातून आलेलं ॲपिक्सॅबॅन सुरू झालं, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पृथ्वीवर या गोळीची सुरुवात पहिला आठवडा दुप्पट मात्रेने करतात. इथे आधीचे सहा आठवडे इंजेक्शनं झालेली असल्याने त्याची गरज नव्हती. तीन महिन्यांनी मात्रा निम्मी केली, २.५ मिलिग्रॅम दोनदा.

या सगळ्या काळात ७ ते २१ दिवसांच्या अंतराने सोनोग्राफी चालू होती, प्रोब अंतराळवीराच्या हातात आणि सूचना खालून. गुठळीचं आकारमान हळूहळू घटत गेलं. हे औषध गुठळी विरघळवत नाही, हे इथे सांगायला हवं. 'रक्त पातळ करायची गोळी' या बोलीतल्या नावामुळे तसा समज होतो. औषध फक्त नवी भर पडू देत नाही, जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू मोडतं. सत्तेचाळिसाव्या दिवशी अडलेल्या भागातून मुद्दाम प्रयत्न केला तर रक्त जाऊ लागलं. आपोआप वाहणारा प्रवाह मात्र ९० दिवस उपचार होऊनही सुरू झाला नाही.

म्हणजे औषध आपलं काम करत होतं, पण मूळ कारण जागच्या जागी होतं. ज्या शिरेत रक्त साचतं, ती गुठळी कमी झाली तरी साचलेलीच राहणार.

उतरण्याआधीचे चार दिवस

माझ्या मते सर्वांत अवघड निर्णय हा होता. परतीच्या ४ दिवस आधी ॲपिक्सॅबॅन थांबवलं.

निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसाच्या रक्तात या औषधाचं प्रमाण साधारण १२ तासांत निम्म्यावर येतं. दोन-तीन दिवसांत ते जवळपास निघून जातं. चार दिवस म्हणजे उतरताना रक्त गोठण्याची क्षमता पूर्ववत असणार याची खात्री. उतरताना मार लागला, अंतर्गत रक्तस्राव झाला, तर तो थांबायला हवा, हा विचार. पण त्याची दुसरी बाजू अशी की गुठळी शिल्लक असताना, प्रवाह आपोआप सुरू झालेला नसताना, चार दिवस कोणतंही संरक्षण नव्हतं. औषध उतरण्याच्या दिवसापर्यंत चालू ठेवलं असतं तर धक्क्याच्या वेळी रक्तस्रावाचा धोका होता, आणि चालू नसल्याने गुठळी पुन्हा वाढण्याचा.

दोन दिवस आधी थांबवलं असतं तर चाललं असतं का? शस्त्रक्रियेआधी ही गोळी दोन ते तीन दिवस बंद ठेवण्याची पृथ्वीवर पद्धत आहे. चार दिवसांत थोडी जास्तीची सावधगिरी दिसते, आणि ती रक्तस्रावाच्या बाजूने आहे. उतारा नसलेल्या ठिकाणी रक्तस्रावाला अधिक घाबरणं समजण्यासारखं आहे. तरी यानाच्या दारापर्यंत मदत पथक पोचलेलं असतं, तिथे उतारा, रक्त आणि डॉक्टर सगळं मिळू शकतं, हा मुद्दा वजनात धरला असता तर अंतर कमी करता आलं असतं, असं वाटतं.

परिणाम

उतरल्यावर लगेच सोनोग्राफी झाली. महिनोन् महिने औषधाने जे जमलं नव्हतं ते पृथ्वीच्या ओढीने झालं. शिरेतून रक्त आपोआप वाहत होतं आणि उरलेली गुठळी शिरेच्या भिंतीला चपटी होऊन चिकटली होती. औषध पुन्हा सुरू करायची गरज नाही असा निर्णय झाला. चोवीस तासांनी गुठळीचा अंश अजून दिसत होता, १० दिवसांनी तोही नव्हता. सहा महिन्यांनंतर अंतराळवीरांना कोणताही त्रास नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, उतारा. एनॉक्सापॅरिनच्या २० कुप्या स्थानकावर होत्या, म्हणजे कधीतरी कोणाला गुठळी होईल हा विचार आधीच झालेला होता. मग त्याच पेटीत प्रोटामिन का नव्हतं? प्रोटामिन एनॉक्सापॅरिनचा परिणाम पूर्ण नाही तरी बऱ्यापैकी मोडतं. औषध ठेवायचं आणि त्याचा उतारा ठेवायचा नाही, ही पेटी भरतानाची अपुरी कल्पना होती. जागा आणि वजन ही सबब या बाबतीत फारशी टिकत नाही. गोळ्याही मुळातच ठेवल्या असत्या तर इंजेक्शनांची सगळी कसरत टळली असती.

दुसरं, शिरेतला प्रवाह चालू करण्याचा प्रयत्न. कंबरेखालचा भाग हवाबंद आवरणात घालून आतला दाब कमी केला की रक्त पायांकडे ओढलं जातं. रशियन अंतराळवीर 'चिबिस' नावाचा असा पोशाख अनेक वर्षं वापरतात. ११ जणांच्या त्याच अभ्यासात हा उपाय करून पाहिल्यावर १७ पैकी १० वेळा मानेतला प्रवाह सुधारला. औषधाला जोड म्हणून तो नेहमीच्या उपचारांत बसवायला हवा, निदान ज्यांचा प्रवाह थांबलेला दिसतो त्यांच्यासाठी तरी. पण १७ पैकी ७ वेळा फरक पडला नाही हेही विसरता येत नाही, आणि ताजी गुठळी असताना रक्त जोरात ओढणं सुरक्षित आहे का, हे कोणी तपासलेलं नाही.

तिसरं, मुक्काम लांबण्याचा हिशोब. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवड्याभरासाठी गेले आणि मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी परतले. मानेतला प्रवाह पन्नासाव्या दिवशी तपासायचा तर थोड्या दिवसांसाठी गेलेला माणूसही त्या यादीत येऊ शकतो. याउलट शुभांशू शुक्ला २०२५ च्या उन्हाळ्यात स्थानकावर १८ दिवस राहिले, आणि गगनयानाची मोहीम तर सुमारे तीन दिवसांची आखलेली आहे. तिथे हा प्रश्न मागच्या बाकावर बसेल. पण २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचा आपला बेत आहे. अंतराळवीरांची वैद्यकीय निवड करणाऱ्या बंगळुरूच्या वायुसेनेच्या संस्थेला उमेदवारांच्या मानेची सोनोग्राफी, उभ्याने, आडव्याने आणि डोकं खाली करून, आजपासून करून ठेवता येईल. नंतर वर काही दिसलं तर तुलनेला त्याच माणसाची जुनी प्रतिमा हाताशी असेल.

मंगळाचा प्रश्न वेगळ्याच जातीचा आहे. तिथून एका दिशेने संदेश पोचायला अंतरानुसार तीन मिनिटांपासून वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे खालून हात धरून प्रोब फिरवून घेणं शक्य नाही. बेचाळिसाव्या दिवशी गोळ्या घेऊन येणारं यानही नाही. जे पेटीत असेल तेवढंच.

आणि शेवटी तो प्रश्न, जो या प्रकरणाने उघडा ठेवला आहे. ही पहिलीच गुठळी होती की पहिलीच पाहिलेली? त्याच अभ्यासात आणखी एका अंतराळवीराच्या शिरेत अर्धवट गुठळी असावी असं मागाहून प्रतिमा तपासताना दिसलं. त्या व्यक्तीला उड्डाणात औषध मिळालेलं नव्हतं. साठ वर्षांत शेकडो लोक अंतराळात जाऊन आले, त्यातले कित्येक महिनोन् महिने राहिले. कदाचित अशा गुठळ्या आधीही झाल्या असतील, उतरताना प्रवाह सुरू होऊन आपोआप नाहीशाही झाल्या असतील. तसं असेल तर महिनोन् महिन्यांचं औषध, आणि त्याबरोबर आलेला रक्तस्रावाचा धोका, थोडा जास्तच मोजला गेला. तसं नसेल तर ११ जणांचा तो अभ्यास एका माणसाच्या जिवावरचं संकट टाळून गेला. दोन्हीपैकी काय खरं, हे एका रुग्णावरून ठरणार नाही. त्यासाठी यापुढे जाणाऱ्या प्रत्येकाची मान उड्डाणाआधी, महिन्याभराने, पन्नासाव्या दिवशी आणि उतरल्याच्या तासाभरात तपासावी लागेल, मग त्या अंतराळवीराला काही त्रास होत असो वा नसो.